व्यायलेल्या म्हशीचे गार कान: दुग्धज्वर, हृदयाची पेशी आणि कॅल्शियमची बाटली

संध्याकाळी म्हैस व्याली. वार पडली, चीक काढला, रेडकू प्यायलं. पहाटे गोठ्यात जाऊन बघावं तर ती बसलेली, मान वळवून कुशीला टेकवलेली. नाकपुडी कोरडी ठणठणीत, कान हाताला गार, रात्रीपासून शेण नाही, रवंथ नाही. थर्मामीटर लावला तर ९९ फॅरनहाइट, म्हणजे नेहमीच्या १०१-१०२ पेक्षा कमीच. आपण याला दुग्धज्वर म्हणतो, पण यात ज्वर नसतो. असतं ते रक्तातलं उतरलेलं कॅल्शियम.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यात काय आणि खानापूरच्या भातपट्ट्यात काय, हा आजार नवा नाही आणि त्याचं औषधही सगळ्यांना माहीत आहे: शिरेतून कॅल्शियमची बाटली. पण वेळेवर दिली तर अर्ध्या-एक तासात म्हशीला उठवणारी हीच बाटली भराभर सोडली तर काही मिनिटांत तिचं हृदय थांबवते. दोन्हीमागचं कारण एकच आहे आणि ते पेशीत आहे. ते एकदा समजलं की बाटली किती वेळात द्यायची, कान कुठे ठेवायचा आणि कधी थांबायचं, हे पाठ करावं लागत नाही.

आधी ग्रॅमचा हिशोब

४०० किलो वजनाच्या जनावराच्या रक्तद्रवात सगळं मिळून जेमतेम दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. निरोगी गायी-म्हशीत ही पातळी १०० मिलीला साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम असते आणि त्यातलं निम्मंच मोकळं, कामाचं असतं. बाकीचं प्रथिनांना वगैरे चिकटलेलं. चिकाच्या एका लिटरात मात्र दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. पाच लिटर चीक उतरला म्हणजे रक्तात एका वेळी जेवढं असतं त्याच्या पाचपट कॅल्शियम कासेत गेलं. पुढे दुधातही गायीच्या लिटरामागे सव्वा ग्रॅमच्या आसपास आणि म्हशीच्या लिटरामागे पावणेदोन ग्रॅमच्या वर जात राहतं.

हाडांत कॅल्शियम किलोंनी पडलेलं असतं. पण ते सोडवायला गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा निरोप हाडांपर्यंत पोहोचावा लागतो. ड जीवनसत्त्व कामाला लागून आतड्यातलं शोषण वाढायला साधारण एक दिवस लागतो, हाडातून पुरेसं सुटायला दोन दिवस. बहुतेक जनावरं नेमकी याच दोन दिवसांत आडवी होतात. पहिलारू सहसा सापडत नाही, तिची हाडं अजून वाढीची, चटकन देणारी असतात. तिसऱ्या वेतापासून पुढे धोका वाढतो, आणि जर्सी किंवा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकराच्या जास्त दुधाच्या गायीत तर अधिकच.

पातळी पाच-साडेपाचच्या खाली गेली की जनावर बसतं.

हृदयाच्या एका ठोक्यात काय होतं

पेशीच्या बाहेरच्या द्रवात जेवढं मोकळं कॅल्शियम असतं त्याच्या सुमारे दहा हजारांश एवढंच ते आत असतं. प्रत्येक जिवंत पेशी ही तफावत राखण्यासाठी रात्रंदिवस शक्ती खर्च करते, कारण आत शिरलेलं थोडंसं कॅल्शियम हाच तिच्यासाठी निरोप असतो. आत शांतता असेल तरच हाक ऐकू येते.

हृदयाच्या पेशीत ठोक्यागणिक असं घडतं. विजेची लाट पेशीच्या पडद्यावरून जाते. पडद्यातली कॅल्शियमची दारं, ज्यांना एल-प्रकारच्या वाहिन्या म्हणतात, क्षणभर उघडतात आणि बाहेरचं चिमूटभर कॅल्शियम आत येतं. (घरातल्या वडीलधाऱ्यांना रक्तदाबासाठी दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी रक्तवाहिन्यांमधली हीच दारं अर्धवट मिटवते.) एवढ्याने पेशी आकसत नाही. पण पेशीच्या आत कॅल्शियमने भरलेली एक कणगी असते, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाची. तिच्या तोंडावर रायनोडिन रिसेप्टर नावाची झडप असते. बाहेरून आलेलं चिमूटभर कॅल्शियम त्या झडपेला लागलं की ती उघडते आणि कणगीतलं कॅल्शियम भसकन बाहेर पडतं. आतली पातळी सुमारे दहापट होते, कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनावर बसतं, स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात, हृदय आवळतं. लगेच आवरासावर सुरू होते: सर्का नावाचा पंप बरंचसं कॅल्शियम परत कणगीत भरतो, आणि सोडियमचे तीन कण आत घेऊन कॅल्शियमचा एक बाहेर टाकणारी अदलाबदलीची यंत्रणा उरलेलं बाहेर काढते. हृदय सैल होतं. आवळण्याइतकंच हे सैल होणंही महत्त्वाचं, कारण सैल झालं तरच ते रक्ताने भरणार.

थोडक्यात, हृदयाला प्रत्येक ठोक्यासाठी बाहेरचं कॅल्शियम लागतंच. हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते लंडनच्या सिडनी रिंगरने, १८८३ साली. बेडकाचं हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात छान चालायचं आणि ऊर्ध्वपातित पाण्याच्या द्रावणात थांबायचं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. दवाखान्यातल्या रिंगर लॅक्टेटच्या बाटलीवर त्याचंच नाव आहे. पण दुग्धज्वराला ती बाटली चालत नाही. तिच्या एका लिटरात १०० मिलिग्रॅमही कॅल्शियम नसतं. इथे आठ-नऊ ग्रॅम लागतं.

मग सगळ्यात आधी शेण का थांबतं?

कोठा, आतडी आणि गर्भाशयाचे स्नायू गुळगुळीत प्रकारचे. त्यांच्यातली कणगी लहान, त्यामुळे त्यांची भिस्त बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवरच जास्त. आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरून स्नायूला आवळायला लावतं. रक्तात कॅल्शियम उतरलं की हे स्नायू आधी ढिले पडतात. रवंथ बंद, शेण बंद, पोटफुगी, वार अडकणे, कधी मायांग बाहेर येणे, हे सगळं एकाच कारणाची वेगवेगळी तोंडं आहेत. सडाच्या टोकाचा स्नायूही सैल पडतो, म्हणून अशा जनावराला पुढे कासदाह चटकन होतो.

पायांच्या स्नायूंची गोष्ट निराळी. तिथे पडद्यावरचं दार आणि कणगीची झडप एकमेकांना थेट जोडलेली असतात, त्यामुळे आवळायला बाहेरचं कॅल्शियम लागत नाही. पण पाय उचलण्याचा हुकूम मज्जातंतूच्या टोकातून येतो, आणि त्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन सुटायला बाहेरचंच कॅल्शियम आत यावं लागतं. ते नाही म्हणून हुकूम नाही, म्हणून पाय नाहीत. माणसाला कॅल्शियम कमी पडलं की हाताची बोटं आखडतात आणि गाय-म्हैस मात्र ढिली पडते, याचं कोडं इथे सुटतं. कॅल्शियम उतरताना मज्जातंतू आधी चिडखोर होतात, तसं तिच्यातही थोडा वेळ होतं. कातडी थरथरते, ती पाय बदलत उभी राहते, दात खाते, हात लावला की दचकते. पण तासाभरात हुकूमच पोहोचेनासा होतो आणि ती बसते.

हा थरथरीचा तास हातातून जाऊ देऊ नका. उभ्या जनावराचा उपचार सोपा आणि कमी धोक्याचा असतो.

डॉक्टर येईपर्यंत

फोन आधी. आपल्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना, नाहीतर १९६२ ला. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा हा क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच आहे, म्हणून सीमेवरच्या गावातून बोलताना राज्य, जिल्हा, तालुका आधी सांगा. डॉक्टर कन्नडभाषक असतील आणि आपलं कन्नड कच्चं असेल तर तीन वाक्यं पुरतात: ‘एम्मे करू हाकिदे’ म्हणजे म्हैस व्याली आहे, ‘किवी तण्णगिदे’ म्हणजे कान गार आहेत, आणि ‘हालु ज्वर’ हे आजाराचं नाव. किती तासांपूर्वी व्याली, कितवं वेत, वार पडली का, शेण कधी टाकलं, एवढं सांगितलं की डॉक्टर बाटली घेऊनच निघतात.

मग तिला छातीवर बसतं करा. एका कुशीवर पसरली असेल तर कोठ्यातला वायू अडतो आणि पोट फुगून श्वास कोंडतो. दोघांनी मिळून सरळ करायची आणि भुश्शाची किंवा पेंढ्याची भरलेली पोती दोन्ही खांद्यांना टेकण लावून ठेवायची. खाली कोबा किंवा फरशी असेल तर वीतभर पेंढा, नाहीतर माती पसरा. मोठं जनावर कडक जमिनीवर एकाच कुशीवर पाच-सहा तास राहिलं की खालच्या मांडीचं मांस स्वतःच्याच वजनाखाली चेपून मरू लागतं. मग कॅल्शियम बरोबर होऊनही ती उठत नाही, आणि दोष औषधाला दिला जातो. दर दोन-तीन तासांनी कूस बदला.

बसलेल्या जनावराला तोंडातून काहीही पाजू नका. गूळपाणी नको, तेल नको, कॅल्शियमची जेल तर अजिबात नको. घशाचे स्नायूही ढिले असतात, पाजलेलं फुफ्फुसात उतरतं आणि दोन दिवसांनी जनावर न्यूमोनियाने जातं. शेपटी पिळून, बांबू लावून उठवण्याचा प्रयत्नही नको. मांडीचे स्नायू फाटतात.

हात मोकळे असतील तर एवढं बघून ठेवा: चारही सडांतून एकेक धार काढून दूध पाण्यासारखं किंवा गाठीचं आहे का, लघवी लाल आहे का, अंग तापलंय का. कास गरम आणि दूध पाण्यासारखं असेल तर तो विषारी कासदाह असू शकतो, आणि अशा जनावराचं हृदय कॅल्शियमला फार हळवं असतं. लाल लघवी म्हशीत बहुधा फॉस्फरसच्या कमतरतेकडे बोट दाखवते. हे डॉक्टरांना सुई लावण्याआधी कळलं पाहिजे.

बाटली

शिरेतून कॅल्शियम देणं डॉक्टरांचं काम. पण बाटली बहुतेक वेळा मालकाच्या हातात असते, आणि वेग ठरतो त्या हाताच्या उंचीवर. म्हणून हा भाग मालकानेच नीट वाचावा.

नेहमीची बाटली ४५० मिलीची, कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची. प्रकारानुसार तिच्यात आठ ते दहा ग्रॅम कॅल्शियम असतं. १०० किलो वजनामागे दोन ग्रॅम हा ढोबळ हिशोब, म्हणजे ४०० किलोच्या जनावराला एक बाटली. वजनाचा अंदाज न घेता सवयीने दोन बाटल्या सोडणं चूक.

देण्याआधी बाटली बादलीभर कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करा. पौषातल्या पहाटे गोठ्यात पडलेलं गार द्रावण तसंच हृदयात जाऊ देऊ नये. बाटलीत खडे किंवा गढूळपणा दिसला तर ती बाजूला ठेवा.

मानेच्या शिरेतून सोडलेलं औषध सगळ्यात आधी पोहोचतं ते हृदयातच. वाटेत पातळ व्हायला फारशी जागाच नाही. चारशे किलोच्या निरोगी गायीचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस लिटर रक्त ढकलतं, आजारी गायीचं बरंच कमी. वीस लिटर धरा. मिनिटाला एक ग्रॅम कॅल्शियम गेलं तर हृदयापाशी येणाऱ्या रक्ताची पातळी १०० मिलीला पाच मिलिग्रॅमने वाढते, म्हणजे पाचाची दहा होते. हे तिला हवंच आहे. पण तीच बाटली दोन मिनिटांत रिकामी केली तर वाढ वीसच्या वर जाते. आता पेशीत काय होतं बघा. दारातून गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम शिरतं, कणगी तुडुंब भरते आणि लाट येण्याची वाट न बघता झडपेतून गळू लागते. ठोके अडखळतात, विजेची वाट मंदावते, आवरासावर पुरी होत नाही, आणि हृदय सैल न होता आवळलेल्या स्थितीतच थांबतं.

म्हणून मिनिटाला एक ग्रॅम ही वरची हद्द, आणि व्यवहारात त्याहून सावकाश: बाटलीवरच्या खुणेप्रमाणे दर १०० मिलीला साडेतीन ते चार मिनिटं, पूर्ण बाटलीला पंधरा ते वीस मिनिटं. मोबाइलवर वेळ लावा. बाटली वर धरली की वेग वाढतो, खाली आणली की कमी होतो. हात दुखला म्हणून आढ्याच्या खुंटीला टांगू नका, तिथे वेग कुणाच्याच हातात राहत नाही.

आणि कान हृदयावर. डाव्या कोपराच्या मागे, छातीवर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप. नसेल तर आपला तळवा तरी. सुरुवातीला ठोके मिनिटाला शंभरच्या पुढे आणि इतके बारीक की शोधावे लागतात, कारण बाहेर कॅल्शियम नाही आणि प्रत्येक आकुंचन दुबळं. निम्मी बाटली जाईपर्यंत ठोके सावकाश, खणखणीत होऊ लागतात. ही सुधारणा. पण ते एकाएकी फारच मंदावले, एखादा गाळला जाऊ लागला किंवा उलट अचानक सुसाट सुटले, तर त्या क्षणी नळी चिमटायची. थोडं थांबून ठोके सुधारले तर डॉक्टर पुन्हा सावकाश सुरू करतील, नाहीतर उरलेलं कातडीखाली देतील. ‘थोडंच राहिलंय, संपवून टाकू’ म्हणून सोडलेले शेवटचे पन्नास मिली सर्वांत महाग पडतात.

कातडीखाली देताना लेबल वाचा. ग्लुकोज मिसळलेलं द्रावण कातडीखाली चालत नाही, तिथलं मांस सडून गळू होतं. साधं कॅल्शियम बोरोग्लुकोनेट चालतं, पण एका जागी ५०-७५ मिलीहून जास्त नको आणि जागा चोळून पसरवा. गार अंगाच्या, रक्त न फिरणाऱ्या जनावरात कातडीखालचं शोषलंच जात नाही, म्हणून बसलेल्या जनावराला पहिली वाट शिरेचीच.

काही बाटल्यांत मॅग्नेशियमही असतं, आणि ते उगाच नाही. ते कॅल्शियमच्या दारापाशी आडकाठी करून हृदयाला थोडं सांभाळतं. शिवाय मॅग्नेशियम कमी असेल तर पॅराथायरॉइडचा निरोपही नीट काम करत नाही.

गुण येतो तो असा: आधी ढेकर, मग कुशीच्या आणि खांद्याच्या स्नायूंची थरथर, कोरड्या नाकपुडीवर दवासारखे घामाचे थेंब, मग लघवी आणि शेंबडाने माखलेला घट्ट शेणाचा गोळा. तो गोळा पडला की काळजी निम्मी मिटते. बऱ्याच म्हशी अर्ध्या तासात, काही दोन तासांत स्वतः उठतात. उठण्याची घाई आपण करायची नाही.

उठली, आता पुढचे दोन दिवस

शिरेतलं कॅल्शियम चारेक तास वरच्या पातळीवर राहतं, मग पुन्हा उतरू लागतं. शिवाय एकदम चढलेली पातळी बघून पॅराथायरॉइड आपलं काम थांबवते, म्हणजे हाडांना जाणारा निरोपही थांबतो. चारातली एक तरी म्हैस दोन दिवसांत पुन्हा बसते, ती यामुळे. उभी राहून नीट गिळू लागली की तोंडातून कॅल्शियमचा डोस आणि बारा तासांनी दुसरा. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण तोंड भाजतं, ते जेलच्या किंवा गोळीच्या रूपात द्या. उभ्या, नुसत्या थरथरणाऱ्या जनावराला शिरेतून न देता तोंडातूनच देणं बरं, तेही याच कारणाने.

पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. रेडकाला पुरेल एवढा चीक काढा. पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात दोन-अडीच लिटर गेलाच पाहिजे, यात काटकसर नको.

पुढच्या वेताची तयारी, आटवल्यापासूनच

इथे एक गैरसमज फार खोल आहे. गाभण म्हशीला शेवटच्या महिन्यात भरपूर कॅल्शियम पाजलं की दुग्धज्वर टळतो, असं वाटतं. नेमकं उलट होतं. रक्तात कॅल्शियम आयतं मिळत राहिलं की पॅराथायरॉइड निजते, आणि व्यायल्यावर तिला जागं व्हायला वेळ लागतो. पाजायची कॅल्शियमची बाटली शेवटच्या तीन आठवड्यांत बंद, व्यायल्याबरोबर चालू.

दुसरा गैरसमज चुन्याच्या निवळीचा. ऊसपट्ट्यात गाळपाच्या हंगामात चारा म्हणजे वाडं, उसाचे शेंडे. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून शेणावाटे घालवतं. भाताच्या पेंढ्याचंही तसंच. म्हणून रोज वाटीभर निवळी पाजतात. पण चुना पाण्यात विरघळतो तो फार थोडा. निवळीच्या एका लिटरात एक ग्रॅमही कॅल्शियम येत नाही, आणि वाटीभर निवळीत तर १०० मिलिग्रॅमच्या आसपासच. दुभत्या म्हशीची ही तूट निवळीने भरत नाही. तिला खनिज मिश्रण आणि वाड्यात निम्मा तरी कडबा किंवा दुसरा चारा लागतो.

तिसरी गोष्ट पोटॅशियमची. गोठ्याचं पाणी आणि शेणखत मुबलक मिळालेलं नेपियर, तसंच लसूणघास, यांत पोटॅशियम भरपूर. त्याने रक्त अल्कलीकडे झुकतं आणि पॅराथायरॉइडचा निरोप हाडांना नीट ऐकू येत नाही. शेवटचे तीन आठवडे हा चारा कमी करून ज्वारीचा कडबा वाढवा. मागे दुग्धज्वर झालेल्या जास्त दुधाच्या गायीला डॉक्टर रक्ताला थोडं आम्लाकडे झुकवणारं ऋणभारित क्षारांचं (अ‍ॅनायनिक सॉल्ट) मिश्रण देतात. त्याचा परिणाम घरीच मोजता येतो: सकाळच्या लघवीत पीएच (आम्ल-अल्कली दाखवणारी) पट्टी बुडवा. नेहमी आठच्या आसपास असलेला आकडा सहा ते पावणेसातपर्यंत उतरला तर मिश्रण लागू पडलंय. आठच राहिला तर ते पोटात जात नाही. चव कडू असते, पेंडीत किंवा मळीत कालवून द्यावं लागतं. साडेपाचच्या खाली गेला तर प्रमाण कमी करा.

तीन आठवडे मोजायचे तर रेतनाची तारीख लिहिलेली हवी. गाय साधारण २८० दिवसांनी, म्हैस ३१० दिवसांनी विते. म्हणजे रेतनापासून गायीला २६० आणि म्हशीला २९० दिवस भरतील ती तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर आजच गोल करा, आणि शेजारी मागच्या वेताला कितव्या तासाला बसली होती तेही लिहा.